फुप्फुस हे उघडं भांडं आहे का?

ज्या गोष्टी जगात नाहीत त्यांच्याबद्दल माणूस फार काटेकोर असतो. हडळीचे पाय उलटेच असतात, मुंजा पिंपळावरच राहतो, वेताळाची पालखी अमावास्येलाच निघते. याबद्दल खेड्यातल्या कुठल्याही आजीचं मत ठाम असतं. तिला रेशनकार्डावरचं स्वतःचं जन्मसाल विचारा. म्हणेल, ‘असेल काहीतरी.’ जे आहे त्याच्याबाबतीत थोडंफार इकडेतिकडे चालतं. जे नाहीच त्याला मात्र नियम लागतात, नाहीतर ते उभंच राहत नाही.

हे तत्त्वज्ञान सुचायचं कारण असं की, रविवारी दुपारी मी एका टेबलाच्या डोक्याशी बसून अशाच नसलेल्या गोष्टींचे निवाडे देत असतो. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाजारात आला. एक खोका, त्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती हजार प्रतींची. चार-पाच जणांनी एकत्र बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी देवाचं नाव घेऊन जखमा भरणारा क्लेरिक. उरलेला एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट तोच सांगतो, राक्षस तोच चालवतो आणि वाद झाला की निकालही तोच देतो. फिर्यादी, आरोपी आणि न्यायमूर्ती एकाच खुर्चीत, आणि चहाही बहुतेक वेळा त्याच्याच घरचा.

आमच्या टेबलावर एक वकील आहेत, एक डॉक्टर, एक सीए आणि डॉक्टरांची कॉलेजात जाणारी मुलगी. ती डॉक्टर सोडून आम्हा सगळ्यांना काका म्हणते आणि डॉक्टरांसकट कोणाचंच ऐकत नाही. तलवार चालवायची असेल तर आमच्यात भांडण होत नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा. वार लागला तर लागला, नाहीतर हवेत गेला. भांडणं होतात ती जादूवरून. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाडूंच्या पुस्तकात साडेतीनशेहून अधिक मंत्र आहेत. कुठल्या मंत्राचा पल्ला किती, तो किती वेळ टिकतो, कोणावर चालतो, त्याला साहित्य काय लागतं, हे सगळं त्यात दिलेलं आहे. म्हणजे वादाला साडेतीनशे जागा तर तयारच आहेत. दोन मंत्र एकमेकांना भिडले की होणारे वाद वेगळे.

मुळात जादूला नियम लावणं हाच एक विनोद आहे. जगाचा नियम मोडते म्हणून तर तिला जादू म्हणायचं, आणि आपण विचारतो, मोडते ती कुठल्या कलमाखाली? पण खेळ करायचा तर दुसरा इलाज नाही. जादूगार काहीही करू शकतो असं म्हटलं की योद्ध्याने घरी जावं. म्हणून गायगॅक्सनी जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधली युक्ती उचलली. जादूगार मंत्र पाठ करायचा, आणि एकदा म्हटला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जायचा. हे कसं शक्य आहे, असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण परीक्षा प्रत्येकाने दिलेली असते. या खेळातल्या एका गाजलेल्या दुष्ट जादूगाराचं नाव व्हेक्ना. व्हान्स या नावाचीच रोमन अक्षरं फिरवून ते केलेलं आहे. ऋण फेडायची ही पद्धत व्हान्सना कितपत रुचली असेल, देव जाणे.

मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: शब्द, हाताची मुद्रा आणि साहित्य. या साहित्याच्या यादीत जुन्या लेखकांनी भरपूर मिस्कीलपणा करून ठेवलाय. आगीच्या गोळ्याला, म्हणजे फायरबॉलला, वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. बंदुकीच्या दारूतली दोन द्रव्यं थोड्या आडवाटेने आणलेली. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी. शाळेत कांडी घासून कागदाचे कपटे उचलले होते, तोच प्रयोग. भिंतीतून वाट काढणाऱ्या मंत्राला चिमूटभर तीळ. अलिबाबाची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला तीळ कशाला हे सांगावं लागत नाही. आणि दुसऱ्याला एखादी गोष्ट गोड बोलून पटवायच्या मंत्राला सापाची जीभ आणि मध. विनोद करणाऱ्या त्या मंडळींना एक कल्पना नव्हती, ती ही की पुढे कोणीतरी हा विनोद उपकलमांसकट वाचणार आहे. ‘तीळ पांढरे की काळे?’ हा प्रश्न आमच्याकडे एका संक्रांतीच्या सुमाराला गंभीरपणे चर्चिला गेलाय.

पण खरी मौज साहित्यापेक्षा हातांची आहे. आमचे सीए क्लेरिक आहेत. त्यांच्या उजव्या हातात गदा, डाव्या हातात ढाल, आणि ढालीवर त्यांच्या देवाचं चिन्ह. आता नियम पाहा. मुद्रा करायला हात मोकळा हवा. मात्र मंत्राला साहित्य लागत असेल, तर ज्या हातात ते साहित्य किंवा त्याऐवजी चालणारं देवाचं चिन्ह आहे, त्याच हाताने मुद्राही करता येते. सोबत्यांना आशीर्वाद देण्याच्या मंत्राला साहित्य लागतं. तेव्हा ढालीचा हात हलवला की काम झालं. जखम भरण्याच्या मंत्राला साहित्य काहीच लागत नाही, फक्त शब्द आणि मुद्रा. मग ढालीवरच्या चिन्हाचा तिथे उपयोग नाही, तो हात ‘मोकळा’ धरायचा नाही, म्हणून गदा कमरेला लावणं आलं. थोडक्यात, ज्या मंत्राला सामान लागतं तो भरल्या हातांनी म्हणता येतो आणि ज्याला काहीच लागत नाही तो म्हणता येत नाही. हा आमचा कुजकटपणा नव्हे. खेळाच्या अधिकृत खुलाशातही हेच उत्तर आहे. सोबती रक्ताच्या थारोळ्यात पडलाय, डोळे पांढरे करतोय, आणि तारणहार म्हणतोय, ‘थांब हं, गदा ठेवतो.’

आम्ही बाकीचे चिडलो. सीएंना मात्र नियम तत्काळ पटला. म्हणाले, ‘बरोबर आहे. ज्या खर्चाला व्हाउचर जोडलंय तो पास. ज्याला काही जोडायचंच नाही, त्याची आधी चौकशी.’

अशा कोड्यांचा इतिहास खेळाइतकाच जुना आहे. १९७८ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकात फायरबॉलची आग साधारण ३३,००० घनफूट जागा व्यापते असं दिलं होतं. मोकळ्या मैदानात याचा अर्थ वीस फूट त्रिज्येचा गोळा, आणि कोणाची काही तक्रार नाही. पण हा खेळ मैदानात कमी आणि भुयारात जास्त चालतो. दहा फूट रुंद, दहा फूट उंच भुयारात आग सोडली तर ती जाणार कुठे? गणित सोपं आहे. शंभर चौरस फुटांचा छेद, ३३,००० ला शंभराने भागा: ३३० फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना १६५. शंभर फुटांवरच्या राक्षसांवर मोठ्या ऐटीत आग टाकणारा जादूगार स्वतःच भाजून निघायचा, आणि डीएम कागदावर भागाकार करून त्याला ते पटवून द्यायचा. आजच्या आवृत्तीत घनफळाची भानगड नाही. आग वीस फुटांपर्यंत पसरते आणि थांबते. पोळलेले जुने खेळाडू अजूनही हळहळतात. भागाकार चुकल्याने जीव जाण्यात जी शान होती, ती आता राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं.

न चुकणाऱ्या जादूई बाणाची कथा तर आणखी गमतीची. मॅजिक मिसाइल हा मंत्र १९७५ सालच्या पुरवणीत आला. तो आपोआप लागतो, की नेमासाठी फासा टाकायचा, हे तिथे नीट उमगत नव्हतं. १९७७ साली एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी खेळाची सोपी आवृत्ती लिहिली. हे गृहस्थ पेशाने मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी ठरवलं, धनुष्याच्या बाणासारखा फासा टाकायचा. पुढच्याच वर्षी गायगॅक्सच्या पुस्तकात तोच बाण आपोआप लागू लागला. एकाच कंपनीची दोन पुस्तकं, दोन्ही दुकानात, आणि एका पुस्तकातला बाण चुकतो, दुसऱ्यातला चुकत नाही.

तेव्हा १९७९ साली ‘ड्रॅगन’ मासिकात ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ नावाचं सदर सुरू झालं यात नवल नाही. लोक शंका विचारायचे, तिथून उत्तरं यायची. पाचव्या आवृत्तीच्या काळात हे काम जेरेमी क्रॉफर्ड यांच्याकडे आलं आणि बरेच निवाडे ट्विटरवर होऊ लागले. त्यांनी नियम वाचायच्या तीन तऱ्हा सांगितल्या: एक लिहिलेला अर्थ, दुसरा लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ, आणि तिसरा, ज्याने टेबलावर मजा येते तो अर्थ. तिसरी तऱ्हा आपल्या न्यायालयांत अजून रुजू झालेली नाही.

या तीन अर्थांची फारकत किती होऊ शकते त्याचा नमुना म्हणजे अदृश्य माणूस. २०१४ च्या नियमात अदृश्यतेची दोन वाक्यं होती. पहिलं, असा माणूस जादूशिवाय दिसत नाही. दुसरं, त्याच्यावर वार करताना दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा धरायचा. आता अदृश्य ते दिसायला लावणारा एक मंत्र आहे. तो म्हटला की अदृश्य माणूस समोर लख्ख दिसतो. म्हणजे पहिलं वाक्य बाद. पण दुसरं? ते दुसरं वाक्य ‘दिसत नसेल तर’ असं म्हणतच नाही. क्रॉफर्ड यांचा निर्वाळा असा की, लिहिलेल्या अर्थाने अडचण कायम राहते. चोर समोर उभा आहे, त्याच्या हनुवटीवरची खूण दिसते आहे, तो जीभ काढून दाखवतोय तेही दिसतंय. तरी नेम धरणं अवघडच, कारण तो कायद्याने अदृश्य आहे. आमच्या वकिलांनी हा निकाल मोबाइलवर दोनदा वाचला आणि कधी नव्हे ते हळवे झाले. म्हणाले, ‘मालमत्तेच्या दाव्यांत हे आम्ही रोज पाहतो. माणूस घरात राहतोय, सगळ्यांना दिसतोय, कागदावर नाही.’ अखेर २०२४ च्या सुधारित पुस्तकात एक वाक्य आलं: ज्याला तो दिसतो, त्याच्यापुरता हा फायदा नाही. दिसणाऱ्याला दिसू देण्यासाठी दहा वर्षं गेली.

हे झाले पुस्तकाचे घोळ. टेबलावरचे घोळ याहून सरस असतात. डॉक्टरांच्या मुलीचं पात्र निसर्गाची उपासना करणारं, ड्रुइड. पाणी तयार करण्याचा एक अगदी पहिल्या पातळीचा मंत्र तिला येतो. तीस फुटांच्या आत, उघड्या भांड्यात, दहा गॅलन म्हणजे सुमारे ३८ लिटर स्वच्छ पाणी. वाळवंटात सोबत्यांची तहान भागवावी, हा त्यामागचा सात्त्विक हेतू. समोर एक धिप्पाड ओगर सोटा उगारून उभा होता.

‘काका, मी त्याच्या फुप्फुसात पाणी तयार करते.’

‘कशात?’

‘फुप्फुसात. ते उघडं भांडं आहे. बाबा, सांगा ना यांना.’

डॉक्टरांनी चष्मा काढला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखे सावरून बसले. ‘शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर नाकापासून फुप्फुसापर्यंत वाट मोकळीच असते. गिळताना तेवढं झाकण पडतं. तेव्हा उघडं आहे, असं म्हणावं लागेल.’

‘उघडं असेल,’ वकील म्हणाले, ‘पण भांडं आहे का? भांडं ही वस्तू आहे. या पुस्तकात वस्तू वेगळी आणि सजीव वेगळा. ओगर जिवंत आहे तोवर त्याचं फुप्फुस ही वस्तू होत नाही.’

‘म्हणजे मेल्यावर चालेल?’

‘मेल्यावर चालेल. पण मग कशाला?’

सीए एवढा वेळ आकडेमोड करत होते. ‘माणसाच्या फुप्फुसात किती मावतं?’

‘सहा लिटर,’ डॉक्टर म्हणाले. ‘ओगरचं दुप्पट धरा.’

‘मग उरलेल्या सव्वीस लिटरचा हिशोब कुठे दाखवायचा?’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पुस्तकातला एक साधा नियम काढला: मंत्र जिथे घडवायचा तिथपर्यंत मध्ये आडोसा नसलेली सरळ वाट हवी. फुप्फुसाच्या पुढे बरगड्या आहेत, आणि घशातून जायचं तर वाट वळते. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की, शब्द उच्चारून माणूस जागच्या जागी मारण्याचा एक मंत्र या खेळात आहे आणि तो नवव्या म्हणजे सर्वोच्च पातळीचा आहे. तो यायला जादूगाराला सतराव्या पायरीपर्यंत चढावं लागतं. तेच काम पहिल्या पायरीवरची ड्रुइड पिण्याच्या पाण्याने करू लागली, तर त्या बिचाऱ्याने एवढी वर्षं तप कशाला केलं? ज्या अर्थाने पुस्तकातलं दुसरं पान फुकट जातं, तो अर्थ चुकीचा.

‘पण फुप्फुसात चालत नाही, असं लिहिलेलं नाही ना कुठे?’

‘नाही.’

‘मग?’

‘मग चालतं म्हणूया,’ मी म्हणालो. ‘फक्त एक आहे. पुढे दलदलीत तीन चेटकिणी राहतात, आणि हा मंत्र त्यांनाही येतो.’

तिने टेबलावरचे आपले फासे गोळा केले. थोडा विचार केला. म्हणाली, ‘फुप्फुस हे भांडं नाही.’ ओगरला शेवटी गदेनेच मारावं लागलं.

‘दुसरं वचन व्यर्थ होईल असा अर्थ लावू नये’ ही काही माझी अक्कल नव्हे. आपल्याकडे मीमांसकांनी हे फार पूर्वी करून ठेवलंय. यज्ञात कोणतं द्रव्य, कोणत्या देवतेला, कोणत्या क्रमाने, यावर शेकडो वर्षं वाद झाले आणि त्या वादांतून वाक्याचा अर्थ लावण्याचं शास्त्र उभं राहिलं. पुढे वारसा नि दत्तक यांचे निवाडेही त्याच्याच आधारे झाले. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचं सविस्तर विवेचन आहे. विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकात सुरुवातीलाच ठळकपणे दिलेलं तत्त्व आपल्या पंडितांना उत्सर्ग आणि अपवाद म्हणून पाठ होतं. जैमिनींनी तर पुराव्यांची उतरंडच लावून दिली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. प्रत्यक्ष शब्दाचं बळ सगळ्यात जास्त, आणि नुसत्या नावाचं, म्हणजे समाख्येचं, सगळ्यात कमी.

समाख्येला सगळ्यात खालची पायरी का, हे पटवून देणारा मंत्र २०१४ च्या पुस्तकात आहे. त्याचं नाव चिल टच, म्हणजे थंडगार स्पर्श. त्याचा पल्ला १२० फूट, म्हणून स्पर्श नाही. त्याने होणारी इजा थंडीची नव्हे, मरणकळेची, म्हणून थंडगारही नाही. नावावर विसंबून राक्षसाच्या अंगाला हात लावायला गेलेले किती नवशिके जादूगार कामी आले असतील! २०२४ मध्ये लेखकांनी निदान अर्धी चूक दुरुस्त केली. आता तो खरोखर स्पर्शाने होतो. थंड मात्र अजूनही नाही.

हे सगळं स्पष्टच लिहून टाकलं तर? तोही प्रयोग झालाय. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक मंत्र एका चौकटीत बसवला: ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, अंतर चौकोनांत मोजायचं, आणि जादूचं वर्णन एका ओळीत वेगळं, तिरप्या अक्षरांत, म्हणजे ते वाचलं नाही तरी चालेल. आगीचा गोळासुद्धा पटावरच्या चौकोनांत बसवला. खेळाडूंनी त्याचं नाव फायरक्यूब ठेवलं. शंका कमी झाल्या. आणि पुष्कळ जुन्या खेळाडूंनी तक्रार केली की, योद्ध्याचा वार आणि जादूगाराचा मंत्र आता एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, यात जादू कुठे आहे? पुढच्या आवृत्तीत, २०१४ साली, पुस्तक पुन्हा साध्या बोलभाषेत आलं, आणि भाषेबरोबर वादही सुखरूप परत आले.

याचा अर्थ मोघम लिहिणं हा गुण आहे, असा नाही. अदृश्य माणसाचं दुसरं वाक्य हा निव्वळ घोळ होता आणि तो निस्तरला हे उत्तमच झालं. पण पाण्याच्या मंत्रात ‘फुप्फुसात चालणार नाही’ असं लिहिलं, तर उद्या कोणी पोटात म्हणेल, परवा कवटीत, तेरवा बंद डोळ्यांच्या पापण्यांमागे. यादी कितीही लांबवा, ती कुठेतरी संपते, आणि संपते तिथून नृसिंह निघतो. हिरण्यकश्यपूचा वर आठवा. माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. इतकं कलमबद्ध मागणं आमच्या वकिलांनाही जमलं नसतं. त्याला संध्याकाळी उंबरठ्यावर नखांनी मारला. सावित्रीने यादी केली नाही. यमाने दिलेला संततीचा वर तिने घेतला आणि नवऱ्यावाचून तो खरा कसा करणार, एवढंच विचारलं. नियम देणाऱ्याला त्याच्याच शब्दाचा मान राखायला लावणारी अशी खेळाडू एखादीच.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही वर आहे. त्याचं नाव विश, नववी पातळी, या खेळातला सगळ्यात थोर मंत्र. जे हवं ते मागा. पुस्तकच वर सल्ला देतं की, मागणं होईल तितकं नेमकं मांडा, आणि भीतीही घालतं: अमुक खलनायक मेलेला असावा असं मागितलंत, तर तो मेल्यानंतरच्या काळात तुम्हीच जाऊन पडाल. साडेतीनशे मंत्रांना फूटपट्टी लावणाऱ्या लेखकांनी सर्वांत मोठ्या मंत्रापाशी पट्टी खाली ठेवली आणि निकाल टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या माणसावर सोडला. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. गायगॅक्सनीही १९७९ सालच्या डंजन मास्टरच्या पुस्तकाच्या शेवटी नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा महत्त्वाचा, असं बजावलं होतं. मधल्या पानांत त्यांनी किती तक्ते दिले होते, ते विसरून जाऊ.

मग त्या माणसाने निकाल द्यायचा तरी कसा? २०२४ च्या मार्गदर्शिकेत एक शहाणी सूचना आहे: नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे. खेळाडूंत एक जुनी थट्टा आहे. हजारो शेतकरी ओळीने उभे करा, प्रत्येकाने भाला पुढच्याच्या हातात द्यायचा. नियमाने एक फेरी सहा सेकंदांची, म्हणून सहा सेकंदांत भाला मैलोन्‌मैल जातो. तेव्हा शेवटच्या माणसाने फेकल्यावर तो तोफगोळ्यासारखा लागला पाहिजे. भाला पुढे सरकवताना नियम धरायचा आणि तो लागताना विज्ञान. नियमांतल्या फटी शोधणाऱ्याची ही खूणच आहे: तो दोन वह्या ठेवतो आणि ज्या वहीत फायदा दिसेल ती उघडतो. सीए हे ऐकून नुसते हसले.

माझी स्वतःची कसोटी याहून सोपी आहे आणि ती मी भस्मासुराकडून घेतली आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, हा वर शंकराने देऊन टाकला. ‘ज्याच्या’मध्ये आपणही येतो का, एवढा प्रश्न देण्याआधी मनात आला असता, तर पुढची धावपळ टळली असती. घेणाऱ्यालाही तो सुचला नाही, म्हणून मोहिनीने नाचताना डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यानेही ठेवला. देणारा आणि घेणारा, दोघांनीही नियम फक्त आपल्या बाजूने वाचला होता.

तेव्हा या खेळात नव्याने पडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पुस्तकातल्या एखाद्या वाक्याचा झकास अर्थ सुचला, की फासा टाकण्याआधी तोच अर्थ राक्षसाच्या तोंडी घालून पाहा. त्याने तुमच्यावर तो चालवला तरी तुम्ही ‘बरोबर आहे’ म्हणणार असाल, तर तो अर्थ खुशाल लावा. नसाल, तर पुस्तक मिटा आणि गदा उचला. निकाल जो काय लागेल तो दोन मिनिटांत लावा, उरलेला वाद चहाच्या वेळी घाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि मृत्युपत्र करतानाही ही कसोटी चालते, असं वकील म्हणतात. ती पुढच्या आवृत्तीत छापायलाही हरकत नाही. छापली की तिच्या अर्थावरून वाद होणारच, आणि त्याच्या निकालासाठी रविवार मोकळा ठेवावा लागेल.